शिक्का नसलेला कारभारी : व्हॅनच्या बॉडी कंट्रोल मॉड्युलची कहाणी

#थ्रेड

एक मालवाहू व्हॅन. इंजिन ठणठणीत, टाकीत डिझेल, बॅटरी नवी. तरीही किल्ली फिरवल्यावर स्टार्टर ढिम्म हलत नाही. वायपर मात्र कोणी न सांगता कोरडी काच पुसू लागतात, मागचे दार आपोआप कुलूपबंद होते आणि उजवीकडचा इंडिकेटर दिला की डावीकडचा लुकलुकतो. गॅरेजमध्ये निदान होते, "बीसीएम गेला." नवे मॉड्युल मागवले जाते, बसवले जाते आणि व्हॅन तरीही सुरू होत नाही. जुना कारभारी निदान अर्धे काम तरी करत होता. नव्याला गाडी ओळखतच नाही. त्याच्या हाती शिक्के-कट्यार नाहीत.

डॅशबोर्डखाली लपलेल्या, वहीएवढ्या आकाराच्या एका प्लास्टिकच्या डबीला एवढा अधिकार कोणी दिला? ज्याचे पोट त्या व्हॅनवर चालते, त्याला आपल्याच गाडीचा सुटा भाग बदलण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी का लागावी? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळात विखुरलेले आहे. त्यात तांब्याच्या तारा आहेत, लॉस एंजेलिसचे धुरकट आकाश आहे, मोटारचोर आहेत आणि न्यायालयेही आहेत.

आरंभ १९१२ चा. त्या वर्षीच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली विजेची योजना आली. स्टार्टर, दिवे आणि इग्निशन प्रथमच एका व्यवस्थेत बांधले गेले. तोवर इंजिन सुरू करायचे म्हणजे गाडीपुढे उभे राहून लोखंडी हॅण्डल फिरवायचे. ते उलट फिरले की मनगट मोडायचे. केटरिंग यांच्या योजनेमुळे मोटारीत बॅटरी आणि जनरेटर कायमचे स्थिरावले, आणि त्यांच्यामागोमाग तारा आल्या.

त्या तारांचे व्याकरण अगदी सरळ होते. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून बटण, बटणापासून दिवा, आणि दिव्यापासून परतीची वाट म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडा. या शेवटच्या टप्प्यालाच आपल्याकडे अर्थिंग म्हणतात. मोटारीतल्या बहुतेक प्रत्येक मंडलाचा अर्धा भाग हा सांगाडाच असतो. गंजलेल्या एका बोल्टमुळे आजही लाखमोलाची गाडी वेड्यासारखी वागते, त्याचे मूळ या जुन्या काटकसरीत आहे.

मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा तिची सारी वीज ६ व्होल्टची होती आणि तारांचा नकाशा एका पानावर मावत असे. पुढे १९६९ मध्ये जॉन मुइर या अमेरिकन अभियंत्याने फोक्सवॅगन घरच्या घरी कशी जिवंत ठेवावी यावर एक पुस्तक लिहिले. त्याची भूमिका अशी की, ज्याने कधी पाना हातात धरलेला नाही त्यालाही हे जमले पाहिजे. व्हॅनमध्ये संसार मांडून फिरणाऱ्या एका पिढीने ते पुस्तक गाडीतच ठेवले. यंत्र समजून घेण्यासाठी त्याच्या मालकाला कोणाचीही परवानगी लागत नव्हती, असा तो काळ होता.

महाराष्ट्राला हा काळ वेगळा समजावून सांगायला नको. पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मन हानोमाग व्हॅनच्या परवान्यावर आणलेली मॅटाडोर इथे इतकी रुळली की तशा कोणत्याही गाडीला लोक मॅटाडोरच म्हणू लागले. भाजीपाला, शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, सगळ्यांचा भार तिने वाहिला. तिची वायरिंग बिघडली तर हाती टेस्ट लॅम्प असलेला नाक्यावरचा बॅटरीवाला तार धरून धरून शेवटी दोष गाठत असे. बल्ब पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. तिसरी शक्यता नव्हती.

पण याही युगात गाडी स्वतःचे निदान स्वतः करू लागली होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या इंडिकेटरचा फ्लॅशर म्हणजे दोन धातूंची एकजीव केलेली पट्टी. वीज वाहिली की ती तापून वाकते आणि मंडल तुटते. थंड झाली की सरळ होते आणि मंडल जुळते. टिक-टिक आवाज तिचाच. एखादा बल्ब जळाला की वीज कमी वाहते, पट्टी पुरेशी तापत नाही आणि लुकलुकण्याची लय बिघडते किंवा थांबते. चालकाला न उतरता कळते की बाहेरचा एक दिवा गेला. या पट्टीत ना स्मृती होती, ना संगणक. तरी मोटारीतली पहिली दोषसूचना देण्याचा मान तिलाच द्यावा लागेल.

आजच्या व्हॅनमध्ये ती पट्टी नाही. इंडिकेटर किती वेगाने लुकलुकावा हे बॉडी कंट्रोल मॉड्युल ठरवते, बल्ब गेल्यावर वेग मुद्दाम वाढवते आणि अनेक गाड्यांत टिक-टिक आवाजसुद्धा छोट्या स्पीकरमधून वाजवला जातो. यंत्र गेले, पण त्याचा आवाज मागे राहिला. हौसेने कोणी जुन्या बल्बच्या जागी एलईडी बसवला, तर वीज कमी ओढली जाते आणि मॉड्युल समजते की बल्ब जळाला. नवा दिवा झगझगत असताना डॅशबोर्डवर दिवा गेल्याची सूचना येते आणि इंडिकेटर घाईने लुकलुकू लागतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्या व्हॅनचे मॉड्युल बदलणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटर फोडणे.

१९७० आणि ८० च्या दशकांत मोटारीत सुखसोयी वाढल्या. विजेवर चालणाऱ्या काचा, मध्यवर्ती कुलूप, तापणारे आरसे, थांबून थांबून चालणारे वायपर. प्रत्येक सोयीमागे स्वतंत्र तारा आल्या. चालकाच्या दारातून जाणारा तारांचा जुडगा मनगटाएवढा झाला आणि दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटू लागला. उंची गाड्यांतल्या तारांची लांबी किलोमीटरांत मोजावी लागे. एकेक तार वाढवत जाण्याचा मार्ग तिथे संपला.

उपाय असा निघाला की बटणाने दिव्याला थेट वीज द्यायचीच नाही. बटणाने फक्त इच्छा कळवायची. वीज सोडायची की नाही हे मधल्या संगणकाने ठरवायचे. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास कॅडिलॅक आणि ब्यूक यांच्या काही गाड्यांत इंजिनच्या संगणकाखेरीज दुसरा संगणक बसवला आणि त्याला बॉडी कंट्रोल मॉड्युल हे नाव दिले. त्या कॅडिलॅकमध्ये वातानुकूलनाच्या फलकावरची 'ऑफ' आणि 'वॉर्मर' ही दोन बटणे एकत्र दाबली की तापमान दाखवणाऱ्या आकड्यांच्या जागी दोषसंकेत उमटू लागत. बाहेरचे कोणतेही उपकरण लागत नसे. क्रायस्लरच्या गाड्यांत किल्ली ठरावीक वेळा चालू-बंद केली की इंजिनचा इशारादिवा लुकलुकत असे. ते लुकलुकणे मोजून मेकॅनिक आकडा लिहून घेई आणि पुस्तिकेत त्याचा अर्थ शोधी. टोयोटामध्ये दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या तरी हेच घडे. भाषा कंपनीपरत्वे वेगळी होती; पण गाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी ती बोलत होती.

आता प्रश्न आला संगणकांच्या आपापसातील संवादाचा. जर्मनीच्या बॉश कंपनीत १९८३ मध्ये यावर काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट इथे मोटार अभियंत्यांच्या अधिवेशनात 'कॅन' ही संदेशव्यवस्था जगापुढे मांडली गेली. ऊवे किन्के हे त्या कामाचे एक प्रमुख. पुढच्याच वर्षी इंटेलने त्यासाठीची पहिली चिप आणली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी मर्सिडीजच्या एस-क्लासमधून कॅन रस्त्यावर उतरली. १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

कॅनची कल्पना सुंदर आहे. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा साऱ्या गाडीभर फिरतात आणि सगळे संगणक त्यांनाच जोडलेले असतात. अध्यक्ष कोणी नाही. ज्याला बोलायचे आहे त्याने मार्ग मोकळा आहे का पाहावे आणि बोलू लागावे. दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडले तर? प्रत्येक संदेशाच्या आरंभी एक क्रमांक असतो, आणि तारेवर शून्याचे वजन एकापेक्षा जास्त. प्रत्येक संगणक बोलता बोलता ऐकतही असतो. आपण 'एक' म्हटले आणि तारेवर 'शून्य' ऐकू आले की तो तिथेच गप्प होतो. लहान क्रमांकाचा संदेश जराही न अडखळता पुढे जातो. वाड्याच्या सदरेवर थोरल्यांनी बोलायला सुरुवात करताच धाकट्याने मध्येच थांबावे आणि थोरल्यांना आपले वाक्य पुन्हा म्हणावे लागू नये, असा हा शिष्टाचार आहे.

क्रायस्लरने १९८८ च्या गाड्यांत आपली स्वतःची, पुष्कळ संथ अशी व्यवस्था आणली होती. तिच्या नावात 'कोलिजन डिटेक्शन' असे शब्द होते. टक्कर गाड्यांची नव्हे, संदेशांची. पुढे क्रायस्लरच्या मिनिव्हॅनमध्ये या तारांवरचे बोलणे बंद पडले की काटे खाली कोसळत आणि किलोमीटर दाखवणाऱ्या खिडकीत 'नो बस' अशी अक्षरे उमटत. आपल्याकडे ही पाटी एसटीच्या थांब्यावर जास्त शोभली असती, पण त्या व्हॅनवाल्यांना मात्र तिने रडवले. अनेकांनी काट्यांचा फलक बदलला. दोष बहुधा त्या फलकाच्या सोल्डरमध्ये किंवा बॉडी कंट्रोल मॉड्युलशी जोडलेल्या एखाद्या तारेत असे.

इथे कहाणीत लॉस एंजेलिसचा धूर शिरतो. आरी हागेन-स्मिट हे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. १९५० च्या आसपास त्यांनी शहरावर साचणाऱ्या धुरक्याकडे लक्ष वळवले आणि मोटारींच्या धुरातले घटक सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ते तयार होते, हे दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा-नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. धूर आटोक्यात ठेवायचा तर इंजिन सदैव नेमके चालले पाहिजे. ते बिघडले की गाडीने स्वतः सांगितले पाहिजे. आणि ती भाषा सर्वांना समजली पाहिजे. या तर्कातून १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे ठरावीक सॉकेट आणि ठरावीक दोषसंकेत बंधनकारक झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून लागू झाले, भारतात २०१३ पासून.

यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. कायद्याला काळजी होती धुराची. त्यामुळे इंजिनाशी संबंधित 'पी' अक्षराचे संकेत सर्वांसाठी खुले झाले. 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चासी आणि 'यू' म्हणजे संदेशजाळे. या घराण्यांतले पुष्कळ संकेत मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. सॉकेट एकच, पण त्यातून बाहेर येणारी अर्धी भाषा खासगी. स्वस्तातला स्कॅनर लावला तर इंजिनची हकिगत कळते. दार, दिवा, वायपर, किल्ली यांविषयी तो मुका राहतो.

त्याच सुमारास चोर आले, किंवा ते होतेच, विमा कंपन्यांना त्यांचा खर्च असह्य झाला. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा विद्युतरोधक बसवला होता. पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी एक. चुकीचे मूल्य आले की गाडी सुरू होत नसे. मग किल्लीत चिप आली. तिला बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या प्रवासी मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला आणि व्हॅनही त्याच वाटेने गेल्या. अनेक गाड्यांत ही ओळखपरेड घेण्याचे काम बॉडी कंट्रोल मॉड्युलकडेच सोपवले गेले. किल्लीची ओळख पटली की ते इंजिनच्या संगणकाला सांकेतिक शब्द कळवते. तो जुळला तरच इंधन सुटते. दिवे आणि वायपर सांभाळणाऱ्या कारभाऱ्याच्या हाती अशा रीतीने तिजोरीच्याही किल्ल्या आल्या.

आता आरंभीच्या त्या व्हॅनकडे वळायला हरकत नाही. 'बीसीएम गेला' हे निदान गॅरेजांत जितक्या वेळा उच्चारले जाते, त्यापेक्षा ते कमी वेळा खरे असते. जाणता माणूस त्या डबीला सर्वांत शेवटी हात लावतो.

तो आधी बॅटरी मोजतो. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवे. स्टार्टर फिरताना हा आकडा फार खाली गेला तर गाडीतले संगणक एकेक करून भान हरपतात आणि जागे झाल्यावर परस्परांविषयी तक्रारी नोंदवून ठेवतात. अशा पंधरा-वीस तक्रारी पाहून घाबरणारा मेकॅनिक मॉड्युल बदलतो. सावध मेकॅनिक त्या लिहून घेतो, पुसतो आणि कोणत्या परत येतात ते पाहतो. दुसऱ्या एखाद्या संगणकात यू-०१४० हा संकेत वारंवार येत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की बॉडी कंट्रोल मॉड्युलचा आवाज ऐकू येत नाही. बोलणारा मेला आहे, की त्याला वीजच मिळत नाही, की मधली तार तुटली आहे, हे तो संकेत सांगत नाही.

मग अर्थिंग. इथे नुसती तार जोडलेली दिसणे पुरेसे नाही. दिवे, पंखा, काच तापवणारी जाळी असा भार चालू ठेवून मॉड्युलची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावायचा. जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. ०.२ व्होल्टच्या पुढे आकडा गेला तर वाटेत कुठेतरी गंज आहे. भार नसताना हीच तार निर्दोष भासते, म्हणून कित्येक निदाने चुकतात. एका कोपऱ्यातले अर्थिंग निकामी झाले की तिथली वीज परतीची दुसरी वाट शोधते आणि एका दिव्याची वीज दुसऱ्या दिव्यातून वाहू लागते. उजवीकडचा इंडिकेटर दिला असता डावीकडचा लुकलुकण्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

नंतर संदेशाच्या दोन तारा. वेगवान कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजले तर ते दोन समांतर रोधक मिळून ६० ओहम दाखवतात. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. सारी गाडी बोलते आहे की नाही, याचा एवढा मोठा निवाडा एवढ्या स्वस्त उपकरणाने व्हावा, ही बॉशच्या अभियंत्यांची कृपाच म्हणायची.

आणि पाणी. व्हॅनच्या समोरच्या काचेखालची पन्हळ पाचोळ्याने तुंबते, काचेचा चिकटवा सुटतो आणि पावसाचे पाणी तारांच्या जुडग्यावरून ओघळत थेट मॉड्युलच्या जोडणीत उतरते. पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. दोन पिनांमधल्या ओलाव्यातून वीज झिरपते आणि मॉड्युलला वाटते की कोणी वायपरचे बटण दाबले. ते बिचारे आज्ञा पाळते. अशा वेळी पाण्याची वाट न बुजवता नवे मॉड्युल बसवले, तर पुढच्या पावसाळ्यात तेही त्याच वाटेने जाते.

रातोरात बॅटरी उतरण्याची तक्रार असेल, तर गाडी बंद करून, दारे लावून, सगळे संगणक झोपी जाईपर्यंत थांबावे लागते. कधी वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त. त्यानंतर बॅटरीतून जाणारी वीज साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवी. अर्धा अँपिअर वाहत राहिला तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होईल, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद ती त्याच्या पुष्कळ आधी गमावेल. दाराच्या कड्यातली एखादी जीर्ण कळ 'दार उघडे आहे' असे सांगत राहिली, तरी मॉड्युल रात्रभर जागे राहते. दोष कळीचा, बदनामी मॉड्युलची.

आणखी एक फसवणूक आहे. नव्या मॉड्युलांत रिलेऐवजी विद्युतप्रवाह स्वतः मोजणारे स्विच असतात. शॉर्ट सर्किट दिसले की ते वाट बंद करतात. काही मॉड्युले असे प्रसंग मोजून ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की ती वाट कायमची बंद करतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिव्याचा भाग मेलेला दिसतो. प्रत्यक्षात ट्रेलरच्या दिव्यांसाठी कोणी तरी बेजबाबदारपणे जोडलेली तार हे मूळ असते. शिवाय हे मॉड्युल बल्बला सलग वीज न देता फार वेगाने चालू-बंद करून देते. त्यामुळे जुना टेस्ट लॅम्प मंद पेटतो. मॅटाडोरच्या काळात नसलेली ती तिसरी शक्यता अशी अवतरली.

एवढे सगळे तपासून, वीज पोहोचते आहे, अर्थिंग भक्कम आहे, संदेशाच्या तारा निर्दोष आहेत आणि तरीही मॉड्युल उत्तर देत नाही असे ठरले, तरच ते बदलायचे. काढण्याआधी त्यातली माहिती स्कॅनरने वाचून जतन करायची, ती वाचता येत असेल तोवरच. कारण एकाच साच्यातले मॉड्युल शेकडो प्रकारच्या व्हॅनना बसते. डावे स्टीअरिंग की उजवे, सरकते दार एक की दोन, धुक्याचे दिवे आहेत की नाहीत, हे सारे त्यात लिहावे लागते. फोर्ड कंपनी प्रत्येक गाडीची कारखान्यातली मूळ नोंद तिच्या क्रमांकावरून पाहू देते. सर्वांचा हात इतका मोकळा नाही. लेखन चालू असताना बॅटरीचा दाब पडला तर नवे मॉड्युल अर्धवट लिहिलेल्या पोथीसारखे निरुपयोगी होते, म्हणून बाहेरून स्थिर वीज जोडून ठेवतात. त्यानंतर किल्ल्यांची ओळख, आणि शेवटी इंजिनच्या संगणकाशी सांकेतिक शब्दाचा मेळ. या अखेरच्या पायरीला कंपनीची परवानगी लागते.

भंगारातल्या दुसऱ्या व्हॅनचे मॉड्युल बसवले तर अडचण वाढते, कारण त्याच्यावर जुन्या मालकाचा शिक्का असतो. त्यावर कारागिरांनी तोड काढली आहे. मेलेल्या मॉड्युलमधली स्मृतीची चिप वाचायची आणि तीच माहिती भंगारातल्या मॉड्युलमध्ये उतरवायची. गाडीला माणूस बदलल्याचे कळतच नाही. तोतयांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटू नये. फरक एवढाच की हा तोतया इमानाने काम करतो.

हीच तोड चोरालाही उपयोगी पडते, आणि म्हणून कंपन्यांच्या बाजूला काहीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही. जुलै २०१५ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा मैलोगणती दूर बसून घेऊन दाखवला. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१८ पासून त्या कंपनीने निदानाच्या सॉकेटपुढे एक पहारेकरी मॉड्युल बसवायला सुरुवात केली. नोंदणी नसलेल्या स्कॅनरला दोष वाचता येतात; ते पुसता येत नाहीत, नवी जोडणी तर नाहीच. २०२२ मध्ये लंडनमध्ये चोरांनी एका टोयोटा राव्ह-४ चा पुढचा दिवा उचकटून त्यामागच्या कॅनच्या तारांतून खोटे संदेश पाठवले आणि गाडी पळवली. बॉशच्या त्या सदरेवर कोण बोलतो हे कोणी विचारत नव्हते. जो बोले त्यावर सारे विश्वास ठेवत होते.

तरीही हिशेब केला तर चोर आपला मार्ग शोधतोच आणि अडतो तो बहुधा नाक्यावरचा गॅरेजवाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये यावर जनमत घेतले गेले आणि सुमारे ८६ टक्के मतदारांनी दुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. २०१४ च्या आरंभी मोटार कंपन्यांनी तसा करार देशभरासाठी केला. मोटारीतले सॉफ्टवेअर उघडणे हा १९९८ च्या प्रताधिकार कायद्याचा भंग ठरू शकत होता. २०१५ मध्ये मालकाला दुरुस्तीपुरती सूट मिळाली आणि २०१८ मध्ये मालकाच्या वतीने काम करणाऱ्या कारागिरालाही ती लागू झाली. म्हणजे मधली काही वर्षे मालकाने स्वतः पाना फिरवला तर चालत होते, मेकॅनिककडे दिला तर प्रश्न. कायद्याला असे विनोद जमतात.

भारतात हा वाद स्पर्धा आयोगापुढे आला. २०११ मध्ये होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली की सुटे भाग आणि निदानाची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वांत मोठा वाटा टाटा मोटर्सचा होता, १,३४६.४६ कोटी. आयोगाचे म्हणणे असे की, गाडी विकत घेताना ग्राहकापुढे पर्याय असतात; पण एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापली मक्तेदार असते. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, असे आदेशात स्पष्ट म्हटले होते.

कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्याबाबत आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीवर न आकारता फक्त सुट्या भागांच्या विक्रीवर आकारावा असे ठरवून त्याची रक्कम खाली आणली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने प्रथम हाती घेतलेली क्षेत्रे चार : शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी. त्याच वर्षी डिसेंबरात तिचे संकेतस्थळ सुरू झाले.